नकाशात बोटभर, रस्त्यात दिवसभर

ब्रिटनच्या नकाशात शेटलंड, म्हणजे स्कॉटलंडच्या उत्तरेला दूर समुद्रातली बेटं, वर्षानुवर्षं एका चौकटीत कोंबलेलं असायचं, स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्याजवळ कुठेतरी, कागदाची बचत व्हावी म्हणून. २०१८ साली स्कॉटिश पार्लमेंटने बेटांसाठी कायदा केला. सरकारी संस्थांनी शेटलंड त्याच्या खऱ्या जागीच दाखवावं, चौकट वापरायचीच तर कारण द्यावं, असं त्यात आहे. हा नुसता मानापमानाचा प्रश्न नव्हे. चौकट बघून सहल आखणारा हमखास फसतो. अ‍ॅबरडीनहून संध्याकाळी सुटलेली बोट शेटलंडच्या लर्विक बंदरात पोचायला सकाळ उजाडते.

मुख्य भूमीवरही तेच. इन्व्हरनेस ते थर्सो ११० मैल, म्हणजे १७७ किलोमीटर. अडीच तासांत होतात, कारण ए ९ हा चांगला रस्ता आहे. थर्सोहून पश्चिमेला डर्नेस जेमतेम ७३ मैल. त्याला अडीच तास धरा आणि थांबत जायचं असेल तर अर्धा दिवस. म्हणून उत्तर स्कॉटलंड आणि तिथल्या बेटांच्या सहलीची आखणी उलट्या क्रमाने करायची: आधी बोटी, मग खोल्या, आणि बघायची ठिकाणं सगळ्यांत शेवटी. बहुतेक जण ठिकाणांची यादी करतात आणि जुलैच्या शनिवारी गाडीसाठी बोटीत जागाच नाही हे त्यांना मे महिन्यात कळतं.

आठ दिवस असतील तर ऑर्कनी (मुख्य भूमी आणि शेटलंड यांच्या मधली बेटं) किंवा शेटलंड, दोन्हींपैकी एकच. बारा दिवस असतील तर दोन्ही जमतात. स्काय आणि पश्चिमेकडची हेब्रिडीज बेटं या सहलीला जोडू नका. ती वेगळ्या दिशेला, वेगळ्या बोटींवर आहेत आणि त्यांना त्यांचा वेळ द्यावा लागतो.

बोटी

गाडी घेऊन ऑर्कनीला जायचे जवळचे मार्ग दोन. स्क्रॅबस्टर ते स्ट्रॉमनेस ही नॉर्थलिंकची ‘हॅम्नाव्हो’ बोट, दीड तास. गिल्स बे ते सेंट मार्गारेट्स होप ही पेंटलंड फेरीजची कॅटामरान, म्हणजे दोन सांगाड्यांची बोट, साधारण एक तास. पहिलीचं आकर्षण म्हणजे ती हॉय बेटाच्या कड्यांजवळून जाते आणि ‘ओल्ड मॅन ऑफ हॉय’ हा १३७ मीटर उंचीचा सुटा खांब समुद्रातून दिसतो. जाताना उजव्या बाजूला उभं राहायचं, येताना डाव्या. दुसरा मार्ग छोटा आहे आणि पश्चिमेकडून मोठी लाट येत असताना तुलनेने आडोशाचा. पोट नाजूक असेल तर हा बरा.

मधली पेंटलंड फर्थ ही सामुद्रधुनी जगातल्या सर्वांत जोरदार भरतीप्रवाहांपैकी एक. एका बाजूला अटलांटिक, दुसऱ्या बाजूला नॉर्थ सी, दोन्हीकडच्या भरतीच्या वेळा वेगळ्या, त्यामुळे पाणी या फटीतून नदीसारखं वाहतं. वारा प्रवाहाच्या विरुद्ध असला की लाटा उभ्या, आखूड आणि त्रासदायक होतात. म्हणजे वारा तेवढाच असूनही सकाळची बोट शांत आणि दुपारची खवळलेली असं होऊ शकतं. बोट लागत असेल तर गोळी चढायच्या आधी घ्या, पाकिटावर लिहिलेल्या वेळेनुसार. उलट्या सुरू झाल्यावर ती पोटात राहत नाही. डेकवर किंवा बोटीच्या मधल्या भागात, क्षितिज दिसेल असं बसा. फोनमध्ये डोकं घालणारा पहिला आडवा होतो.

बुकिंग करताना गाडीची लांबी आणि उंची खरी लिहा. छतावरची पेटी, मागचा सायकलचा रॅक, हे सगळं मापात धरतात. भाड्याची गाडी असेल तर ती बेटांवर न्यायला कंपनीची परवानगी आहे का, हे करारात वाचून घ्या. दोन-तीन दिवसच राहायचं असेल तर गाडी बोटीत नेण्यापेक्षा पायी उतरून ऑर्कनीतल्या कर्कवॉलला किंवा शेटलंडमधल्या लर्विकला गाडी भाड्याने घेणं बहुतेकदा स्वस्त पडतं. मात्र बेटांवर भाड्याच्या गाड्या मोजक्या आणि ऑटोमॅटिक त्याहून मोजक्या. त्या उन्हाळ्यात आधीच संपतात.

अ‍ॅबरडीन ते लर्विक रोज रात्री बोट आहे. थेट जाते तेव्हा ती संध्याकाळी ७ला सुटते आणि सकाळी साडेसातला पोचते. काही ठरावीक वारी ती संध्याकाळी ५लाच निघते, रात्री ११च्या सुमारास कर्कवॉलला थांबते आणि मग पुढे जाते. ऑर्कनीहून शेटलंडला जायचं असेल तर हीच मधली बोट पकडायची. म्हणजे मध्यरात्रीच्या जरा आधी, कर्कवॉल गावापासून दोनेक मैलांवरच्या हॅटस्टन धक्क्यावर. रोज नसते, म्हणून ऑर्कनीतल्या रात्री किती, हे ही बोट ठरवते. तुम्ही नाही.

केबिन उन्हाळ्यात महिनोन्‌महिने आधी भरतात. नाही मिळाली तर मागे रेलणाऱ्या खुर्च्या असतात, पण सहलीची अख्खी सकाळ झोपेत घालवायची नसेल तर केबिनवरच पैसे खर्च करावेत. रात्रीची पिशवी वेगळी भरा: प्रवास सुरू झाला की गाड्यांचा डेक बंद करतात, मग दात घासायचा ब्रश गाडीत राहिला तर राहिला. गाडी गिअरमध्ये, हँडब्रेक ओढलेला आणि अलार्म बंद. बोट हलली की अलार्म वाजतात आणि रात्रभर वाजत राहून बॅटरी बसवतात. सकाळी रॅम्प उघडल्यावर बंद पडलेली गाडी पुढे, मागे तीस जण, हे टाळता येण्यासारखं आहे.

गाडी नको असणाऱ्यांसाठी इन्व्हरनेसहून थर्सो आणि विककडे जाणारी रेल्वे आहे, ‘फार नॉर्थ लाइन’. थर्सोला पोचायला पावणेचार तासांच्या आसपास लागतात, कारण रूळ किनारा सोडून आत लेअर्गकडे वळसा घालतात आणि हेम्सडेलनंतर पुन्हा आत फोर्सिनार्डच्या दलदलीतून जातात. सोमवार ते शनिवार दिवसाला चारच गाड्या, रविवारी त्याहून कमी. उत्तरेकडे जाताना उजवीकडे बसा, गोल्स्पीपासून हेम्सडेलपर्यंत रूळ समुद्राला चिकटून आहेत. बरीच स्टेशनं ‘मागितली तर थांबा’ प्रकारची आहेत. उतरायचं असेल तर आधी कंडक्टरला सांगावं लागतं. थर्सो स्टेशन ते स्क्रॅबस्टर धक्का तीनेक किलोमीटर. गाडीला उशीर झाला म्हणून बोट थांबत नाही, तेव्हा दोन्हींमध्ये भरपूर वेळ ठेवा.

फोर्सिनार्डचा तो दलदलीचा प्रदेश म्हणजे फ्लो कंट्री. २०२४ साली तो जागतिक वारसा यादीत गेला. पीटच्या, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पती साचून झालेल्या मातीच्या, दलदलीला हा मान पहिल्यांदाच मिळाला. काही ठिकाणी पीटचा थर १० मीटरपर्यंत खोल आहे. खिडकीतून तपकिरी, सपाट, ओकंबोकं दिसतं. खाली उतरून लाकडी फळ्यांच्या वाटेवर चालल्याशिवाय त्यात काय आहे ते कळत नाही.

एका गाडीचा रस्ता

नॉर्थ कोस्ट ५०० हे नाव २०१५मध्ये दिलं गेलं. ५१६ मैलांचा, इन्व्हरनेसपासून इन्व्हरनेसपर्यंतचा फेरा. रस्ते मात्र जुनेच आहेत आणि उत्तर-पश्चिमेला त्यातला मोठा भाग सिंगल ट्रॅक, म्हणजे दोन्ही दिशांना मिळून एकच गाडी मावेल एवढा. त्यावर कायद्याची वेगमर्यादा ६० मैल असली तरी ती मर्यादा आहे, सल्ला नव्हे. हिशोबाला ताशी २५ ते ३० मैल धरा.

थोड्या थोड्या अंतरावर रस्त्याला खिसे असतात, त्यांना पासिंग प्लेस म्हणतात. खिसा तुमच्या डाव्या हाताला असेल तर आत शिरून थांबायचं. उजव्या हाताला असेल तर आत शिरायचं नाही. त्याच्यासमोर आपल्याच बाजूला थांबायचं आणि समोरच्याने खिशातून वळसा घेऊन जायचं. उजवीकडच्या खिशात घुसलं की समोरच्याला तुमच्या चुकीच्या बाजूने जावं लागतं, मग दोघंही गोंधळतात. चढ चढणाऱ्याला आधी वाट द्या. दुरून गाडी दिसली की जवळच्या खिशापाशी आपणच थांबणं सर्वांत सोपं. दोघंही पुढे आले की एकाला मागे जावं लागतं. तेव्हा रिव्हर्स येत नसेल तर हा भाग कठीण जाईल. जाताना हात वर करायचा, इथे सगळे करतात.

लोकांचा खरा राग दुसऱ्याच गोष्टीवर असतो. मागे स्थानिक माणूस येत असतो, त्याला कामावर किंवा डॉक्टरकडे पोचायचं असतं, आणि पुढचा पाहुणा डोंगर बघत रमतगमत चाललेला. मागच्याला पुढे जाऊ देणं हादेखील पासिंग प्लेसचाच उपयोग आहे आणि हायवे कोडमध्ये, म्हणजे ब्रिटनच्या वाहतुकीच्या नियमपुस्तकात, तसं लिहिलेलं आहे. आरशात गाडी दिसली की पुढच्या खिशात थांबा. फोटोसाठी तिथे गाडी लावू नका, रात्री तिथे झोपू तर नकाच. तीन-चार गाड्यांचा जथा असेल तर अंतर ठेवून जा, एका खिशात सगळ्या मावत नाहीत.

कडेच्या गवतावर चाक उतरवू नका. वरून घट्ट दिसतं, खाली पीट असतं, आणि गाडी आसापर्यंत रुतते. मेंढ्या मोकळ्याच असतात. मे-जूनमध्ये मेंढी रस्त्याच्या एका बाजूला आणि कोकरू दुसऱ्या बाजूला दिसलं तर वेग अगदी कमी करा: गाडीचा आवाज आला की कोकरू हमखास आईकडे धावतं, म्हणजे तुमच्या चाकासमोरून. संध्याकाळी आणि पहाटे हरणं उतरतात. एक ओलांडून गेलं की लगेच निघू नका, मागे दुसरं असतं.

डर्नेसच्या अलीकडे रस्ता लॉख एरिबॉलला वळसा घालतो. समुद्राचा हा हात १६ किलोमीटर जमिनीत शिरलेला आहे. पलीकडचा रस्ता, त्यावरच्या गाड्या, घरं, सगळं पाण्यापलीकडे स्पष्ट दिसतं आणि तिथे पोचायला आधी दक्षिणेला टोकापर्यंत जाऊन परत उत्तरेला यावं लागतं. नेव्हिगेशनवरचा वेळ खोटा आहे असं इथे बऱ्याच जणांना वाटतं. तो वेळ बरोबर असतो, नजर चुकते.

पेट्रोल अर्धं झालं की भरा, पाव होण्याची वाट बघू नका. पंप विरळ आहेत; काही ठिकाणी कार्डवर चालणारं मशीन आहे, काही दुकानाबरोबर बंद होतात. नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवा, कारण दऱ्यांत सिग्नल जातो. पत्ता नुसत्या पोस्टकोडने शोधू नका: इथे एका पोस्टकोडमध्ये मैलोन्‌मैल रानात पसरलेली घरं असतात, आणि नेव्हिगेशन भलत्याच्याच शेतात नेऊन सोडतं. राहायच्या ठिकाणाहून अचूक अक्षांश-रेखांश मागून घ्या.

उत्तर किनाऱ्यावर थांबायचं कुठे? जॉन ओ’ग्रोट्सला फोटोची पाटी आहे, दुकानं आहेत, पण ब्रिटनच्या मुख्य भूमीचं उत्तर टोक ते नव्हे. ते डनेट हेड, तिथून पश्चिमेला. जॉन ओ’ग्रोट्सला गेलातच तर पाटीपाशी पाच मिनिटं आणि शेजारच्या डंकन्सबी हेडला दीड तास द्या. दीपगृहापासून मेंढ्यांच्या कुरणातून चालत गेलं की समुद्रात उभे असलेले टोकदार सुळके दिसतात. या पट्ट्यातलं सर्वांत चांगलं दृश्य हेच.

केप रॅथला, म्हणजे मुख्य भूमीच्या वायव्य टोकाला, स्वतःची गाडी नेता येत नाही. डर्नेसजवळच्या कीओल्डेल धक्क्यावरून छोटी होडी खाडी ओलांडते आणि पलीकडे मिनीबस ११ मैलांच्या खडबडीत रस्त्याने १८२८ सालच्या दीपगृहापर्यंत नेते. हे फक्त उन्हाळ्याच्या महिन्यांत, तेही हवा बरी असेल आणि लष्कराचा गोळीबाराचा सराव नसेल तर. जागा थोड्या, म्हणून सकाळी लवकर रांगेत. अर्धा दिवस जातो. जाता जाता: रॅथ हे नाव इंग्रजीतल्या रागावरून आलेलं नाही. नॉर्स, म्हणजे व्हायकिंगांच्या जुन्या भाषेत तो ‘वळणाचा’ शब्द आहे, कारण जहाजं इथे दक्षिणेला वळायची. आणि केप रॅथच्या या उत्तरेकडच्या मुलखाचं नाव सदरलंड, म्हणजे दक्षिणेकडची भूमी. नाव ठेवणारे नॉर्स होते, त्यांच्या दृष्टीने हा दक्षिणच.

ऑर्कनी

ऑर्कनी हिरवी, बुटकी, शेतांची बेटं आहेत. डोंगर हवे असतील तर फक्त हॉयवर. बघायचं ते पाच हजार वर्षांचं. स्कारा ब्रे हे दगडी घरांचं गाव इ.स.पू. ३१००च्या सुमाराचं. १८५०च्या वादळाने वाळू उडाली आणि ते उघडं पडलं. घरांत दगडी पलंग, दगडी मांडण्या, मधे चूल. लाकूड दुर्मिळ होतं म्हणून सामान दगडाचं केलं, आणि म्हणूनच ते टिकलं. घरांत उतरता येत नाही, वरच्या वाटेवरून बघायचं.

मेसहाउच्या थडग्यात फक्त गाइडबरोबर, ठरलेल्या वेळेला जाता येतं. आधी तिकीट काढलेलं हवं आणि फेरी स्टेनेस गावातल्या केंद्रावरून बसने निघते. थेट टेकाडापाशी जाऊन उभं राहण्यात अर्थ नाही. आत जाणारी वाट १० मीटरच्या आसपास आणि एवढी बुटकी की कमरेत पूर्ण वाकून जावं लागतं. गुडघे किंवा पाठ दुखत असेल तर आधीच विचार करा. आत फोटो काढू देत नाहीत. भिंतींवर नॉर्स लोकांनी १२व्या शतकात कोरलेले रून्स, म्हणजे त्यांच्या लिपीतली अक्षरं, आहेत आणि मजकूर आजच्या किल्ल्यांवरच्या मजकुरापेक्षा फार वेगळा नाही: कोणी कोरलं, कोण सुंदर आहे, खजिना कुठे आहे. डिसेंबर-जानेवारीत मावळता सूर्य या बोगद्यातून सरळ मागच्या भिंतीवर पडतो.

ब्रॉडगरचं दगडी वर्तुळ १०४ मीटर व्यासाचं, उघड्यावर, तिकीट नाही. ते दिवसाच्या टोकाला ठेवा. जूनमध्ये सूर्य साडेदहाच्या आसपास मावळतो, नऊला गेलात तरी भरपूर उजेड असतो आणि बसगाड्या गेलेल्या असतात. कर्कवॉलला उन्हाळ्यात मोठमोठी क्रूझ जहाजं लागतात. त्यांचं वेळापत्रक बंदर विभाग आधी जाहीर करतो. ते बघूनच स्कारा ब्रेचा दिवस ठरवा. तीन-चार हजार प्रवासी उतरणार असतील त्या दिवशी उत्तरेकडच्या बेटांवर निघून जा.

ब्रॉख ऑफ बर्सी हे बेट ओहोटीलाच चालत जाता येतं, ओहोटीच्या तळवेळेच्या आधी आणि नंतर साधारण दोन-दोन तास. ही वेळ रोज पन्नासेक मिनिटांनी पुढे सरकते, म्हणजे काल ज्याला जमलं त्याची वेळ आज चालत नाही. वाट काँक्रीटची पण शेवाळलेली. पाणी चढायला लागलं की वाट दोन्ही बाजूंनी बुडते. परतायची वेळ फोनवर लावून ठेवा. बर्सीजवळच बॅरनी मिल ही पाणचक्की आहे, तिथे ‘बेअर’ नावाचं जुन्या जातीचं जव अजूनही दळतात. त्याच्या पिठाचे बॅनॉक जाड भाकरीच्या जवळचे, किंचित कडवट, लोण्याबरोबर उत्तम.

दक्षिणेकडची बेटं चर्चिल बॅरिअर्स नावाच्या चार बांधांनी जोडलेली आहेत. १४ ऑक्टोबर १९३९ला जर्मन पाणबुडी यू-४७ ऑर्कनीतल्या स्कॅपा फ्लो बंदरात शिरली आणि ‘रॉयल ओक’ ही ब्रिटिश युद्धनौका बुडवून निघून गेली; ८३५ माणसं गेली. मग पूर्वेकडच्या वाटा काँक्रीटचे पाच आणि दहा टनी ठोकळे टाकून बंद केल्या. कामाला इटालियन युद्धकैदी होते. त्यांनी लॅम्ब होम बेटावर दोन निसन झोपड्या (अर्धगोल पत्र्याच्या लष्करी खोल्या) जोडून चॅपल उभं केलं, आत डोमेनिको किओकेट्टीने भिंतींवर विटा आणि कोरीव दगड असे रंगवले की हात लावून बघावंसं वाटतं. वादळात लाटा बांधावरून रस्त्यावर येतात आणि रस्ता बंद करतात. गिल्स बेची बोट पकडायची असेल तर कर्कवॉलहून जाताना हे चारही बांध लागतात, हे ध्यानात ठेवा. बोट चालू आणि रस्ता बंद असंही होतं.

हॉयला दोन बोटी: स्ट्रॉमनेसहून पायी जाणाऱ्यांची आणि हूटनहून गाड्यांची. ओल्ड मॅनला वरून बघायचं असेल तर रॅकविकहून जाऊन-येऊन तीनेक तासांची चढण आहे. राउझी बेटाला टिंगवॉलहून जाणाऱ्या छोट्या बोटीवर गाडी उलटी, रिव्हर्समध्ये चढवावी लागते. खलाशी हातवाऱ्यांनी सांगतो. त्याच्याकडे बघा, आरशाकडे नव्हे. आणि वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे हे विमान: २.७ किलोमीटर, दोन मिनिटांहून कमी, जगातलं सर्वांत छोटं नियमित उड्डाण. हौस म्हणून ठीक, पण विमान छोटं, जागा थोड्या आणि धुक्याला लगेच रद्द.

शेटलंड

शेटलंडला शेती कमी, कडे आणि पक्षी जास्त. ऑर्कनी आणि शेटलंड हे दोन्ही द्वीपसमूह १४६८-६९पर्यंत नॉर्वेच्या राजाकडे होते. डेन्मार्क-नॉर्वेच्या राजाने मुलीच्या हुंड्यापोटी ते स्कॉटलंडकडे गहाण टाकले आणि सोडवले नाहीत. नावं तेव्हाचीच राहिली, आणि ती कळली तर नकाशा वाचता येतो. ‘व्हो’ म्हणजे जमिनीत शिरलेला समुद्राचा हात, ‘नेस’ म्हणजे भूशिर, ‘विक’ म्हणजे उपसागर. ‘जिओ’ म्हणजे कड्यात कापल्यासारखी आत आलेली अरुंद चीर. चालणाऱ्यांनी हा शेवटचा शब्द जपून वाचावा. कड्याच्या कडेने तीन किलोमीटरची वाट दिसते तिथे पाच जिओ असतील तर प्रत्येकाला आत वळसा, आणि धुक्यात तीच चीर पायाखाली अचानक येते.

पफिन या रंगीत चोचीच्या समुद्रपक्ष्यासाठी सम्बरा हेड, म्हणजे शेटलंडचं दक्षिण टोक. गाडीतळापासून दहा-पंधरा मिनिटं, आणि दीपगृहाच्या वाटेवरच्या भिंतीपलीकडे बिळं. एप्रिलच्या मध्यापासून येतात, जून-जुलैत सर्वांत जवळून दिसतात, ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात जवळपास सगळे गेलेले. ऑगस्टअखेरची तिकिटं काढून पफिन शोधणारे दरवर्षी असतात. दुपारी बरेच समुद्रावर असतात, संध्याकाळी परततात. भिंतीवरून वाकू नका. कडेची माती बिळांनी पोखरलेली आहे. इथेच जार्ल्सहॉफ, एकावर एक चार हजार वर्षांच्या वस्त्या. वाटेत मुख्य रस्ता विमानतळाच्या धावपट्टीला ओलांडतो. फाटक पडलं की थांबायचं, रेल्वे फाटकासारखं, फक्त समोरून विमान जातं.

मूसा बेटावरचा ब्रॉख, म्हणजे गोल दगडी बुरूज, १३ मीटर उंच, दोन हजार वर्षांहून जुना. बांधकाम कोरडं, चुना-माती नाही. दोन भिंतींच्या मधून जिना वर जातो. मे अखेरपासून जुलैच्या मध्यापर्यंत रात्रीच्या फेऱ्या असतात. स्टॉर्म पेट्रेल हे चिमणीएवढे समुद्रपक्षी काळोख पडल्यावर भिंतीतल्या फटींतल्या घरट्यांत परततात आणि भिंत आतून घुरघुरते. ‘काळोख’ हा शब्दही जपून, कारण जूनमध्ये इथे पूर्ण अंधार होतच नाही. त्या उजेडाला शेटलंडमध्ये सिमर डिम म्हणतात. डोळ्यांवर पट्टी किंवा जाड पडदे असलेली खोली घ्या.

अनस्ट, म्हणजे सर्वांत उत्तरेचं वस्तीचं बेट, लर्विकहून एका दिवसात होतं पण जेमतेम. टॉफ्ट ते उल्स्टा बोट वीस मिनिटं, मग येल बेट ओलांडून गचर, तिथून दहा मिनिटांत बेलमाँट. गाडीची जागा आधी राखून ठेवा. धक्क्यावर बुकिंगवाल्यांची रांग वेगळी असते आणि बिनबुकिंगवाले उरलेल्या जागेत. परतीची शेवटची बोट आधी बघा, मग दुपारचं जेवण ठरवा. उत्तर टोकाला हर्मानेसची वाट फळ्यांची आहे, पण कड्यापाशी ती संपते. तिथे ग्रेट स्कुआ हे मोठे समुद्रपक्षी घरटी करतात, डोक्यावर झेप घेतात. काठी किंवा हात वर धरला की ते सर्वांत उंच टोकावर हल्ला करतात आणि तुमचं डोकं वाचतं. २०२१-२२च्या बर्ड फ्लूने त्यांचे फार हाल केले, म्हणून वाट सोडून आत जाऊ नका आणि मेलेला पक्षी उचलू नका.

वारा, किडे, पोट

जुलैमध्ये लर्विकचं दिवसाचं कमाल तापमान १४ अंशांच्या आसपास. थंडीपेक्षा वारा जड जातो. छत्री आणूच नका. वाऱ्या-पावसाचं जॅकेट आणि तशीच पँट. जॅकेट सगळे आणतात, पँट कोणी आणत नाही, आणि मग तासाभरात बुटांत पाणी. गाडी लावताना तोंड वाऱ्याकडे करा. वारा मागून असेल तर दार उघडताच तो ते हिसकावून पुढे उलटवतो, बिजागरी वाकते, आणि हे नुकसान बऱ्याच भाड्याच्या करारांत विम्याबाहेर असतं. दार नेहमी दोन्ही हातांनी, आणि एका वेळी एकाच बाजूचं.

मिजेस, म्हणजे डोळ्याला नीट न दिसणाऱ्या चावऱ्या माश्या, मे अखेर ते सप्टेंबर. त्या मुख्य भूमीच्या पश्चिम बाजूला जास्त, बेटांवर वाऱ्यामुळे कमी. झुळूक असली की त्यांना उडता येत नाही. पहाटे आणि संध्याकाळी हवा पडली की ढगासारख्या येतात. डोक्यावरची जाळी चार पौंडांच्या आसपास मिळते आणि तीच खरी उपयोगी. गवतातून चाललात तर रात्री गुडघ्यामागे, जांघेत, केसांच्या रेषेला टिक, म्हणजे गोचीड, बघा आणि दिसली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा. तेल, काडी, पिळणं, यातलं काही नको.

हॉटेलांची स्वयंपाकघरं आठ-साडेआठला बंद होतात. उशिरा पोचणार असाल तर दुपारीच दुकानातून घेऊन ठेवा. शाकाहारी लोकांचं इथे अडत नाही. हॅगिस हा एरवी मेंढीच्या काळीज-फुप्फुसांचा स्कॉटिश पदार्थ, पण डाळी-ओट्सचं शाकाहारी हॅगिस बऱ्याच ठिकाणी असतं. पण बटाट्याच्या चिप्स विचारूनच घ्या, काही ठिकाणी त्या गाईच्या चरबीत तळतात. सूप भाज्यांचं असलं तरी त्यातलं पाणी कशाचं, तेही विचारा. नळाचं पाणी कधी चहासारखं तपकिरी दिसतं, ते पीटमुळे.

कार्ड जवळपास सगळीकडे चालतं. तरी पाच-दहा पौंडांची नाणी ठेवा: रस्त्याकडेच्या पेट्यांत अंडी, केक, जॅम ठेवलेलं असतं, विकणारा कोणी नाही, पैसे डब्यात टाकायचे. स्कॉटिश बँकांच्या नोटा निघायच्या आत खर्च करून टाका. परदेशातले पैसे बदलणारे त्या घ्यायला कां-कूं करतात.

परतीचा हिशोब वेगळा करा. सम्बराला उन्हाळ्यात हार नावाचं समुद्री धुकं येतं आणि विमानं थांबतात. अ‍ॅबरडीन बंदराचं तोंड अरुंद, पूर्वेकडून लाट आली की बोट आत घेता येत नाही, मग ती उशिरा येते किंवा आदल्या दिवशीच लवकर सोडतात. बोट सकाळी ७ला अ‍ॅबरडीनला लागणार असं तिकिटावर असलं तरी त्याच दिवशीचं पुढचं विमान काढू नका. मधे एक रात्र ठेवा, अ‍ॅबरडीनमध्येच, आणि ती खोली रद्द करता येईल अशी घ्या.